चाळिसातली सतरावी

कर्जत,
६ जानेवारी २०२५

प्रिय भाग्यश्री,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनच करणार होते. पण तुमच्याकडे फोन उचलला की तो स्पीकरवर असतो आणि काकू समोर बसलेल्या असतात. शिवाय मला जे हवंय ते लिहिलेलंच हवंय. म्हणून हे अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतेय.

ओवी झाली तेव्हा तू आमच्या दवाखान्यात होतीस, आणि माझं एम.एस्सी. नर्सिंग चालू होतं, आठवतं ना? सिझेरियन झालेल्या चाळीस बायकांवर मी अभ्यास केला होता. दुसऱ्या दिवसापासून दुखण्याचं इंजेक्शन ठरल्या वेळी द्यायचं नाही, कोणी मागितलं तरच द्यायचं. त्याऐवजी गव्हाच्या गरम पिशवीने कंबर शेकायची, श्वासाचा व्यायाम करून घ्यायचा आणि दिवसातून तीनदा विचारायचं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" त्या चाळिसातली तू सतरावी. एकतीस जणींनी तीन किंवा त्याहून कमी आकडा सांगितला होता. पुढे तो अभ्यास नर्सिंगच्या मासिकात छापूनही आला.

आता आमच्या ट्रस्टने ठरवलंय की एक फेब्रुवारीपासून हीच पद्धत तिन्ही दवाखान्यांत सुरू करायची. आधी खोपोली, मग कर्जत आणि नेरळ. मोठे डॉक्टर भर बैठकीत "नम्रता सिस्टरांची पद्धत" म्हणाले. चौदा वर्षांच्या नोकरीत असं कोणी म्हटलं नव्हतं गं.

पण सुरभी नावाची एक नवी सिस्टर आलीय. आम्ही दर शनिवारी दुपारी कुठला तरी छापून आलेला अभ्यास वाचतो आणि तो आपल्या वॉर्डात वापरण्याजोगा आहे का ते ठरवतो. परवा तिने माझाच काढला. सगळ्यांसमोर म्हणाली, "मॅडम, शेक देणाऱ्या तुम्ही आणि दुखतंय का विचारणाऱ्याही तुम्हीच. मग बायकांनी तुमचं मन राखलं नसेल कशावरून?"

मला फार राग आला. म्हणून तुला विचारतेय. तुला तेव्हा कसं वाटलं होतं ते चार ओळींत लिहून पाठव. पुढच्या बैठकीत वाचून दाखवेन. तू माझ्या चुलत भावाची बायको आहेस हे सांगणार नाही, नाहीतर त्यावरूनही काहीतरी काढेल ती.

रुपेशचं गॅरेज कसं चाललंय? काकूंना नमस्कार.

तुझी,
नम्रताताई


चौक,
१३ जानेवारी

प्रिय नम्रताताई,

नमस्कार. पत्र मिळालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहिते.

मी सिझेरियनसाठी तुमच्या दवाखान्यात होते. सिस्टरांनी माझी फार चांगली काळजी घेतली. गरम पिशवीने कंबरेला आराम पडायचा. मला काही त्रास झाला नाही.

एवढं पुरे ना? कमी वाटलं तर तुम्ही वाढवून लिहा, मी सही करीन.

इथे सगळे बरे. वालाच्या शेंगा भरल्यात, रविवारी शेतात मडकं भरून पोपटी लावली होती, तुमची आठवण काढली. रुपेशचं काम जोरात आहे, घाट उतरून येणाऱ्या गाड्या लायनीत उभ्या असतात.

ताई, एक विचारायचं होतं. खोपोलीला सुरू होणार म्हणजे तिथल्या बायकांना इंजेक्शन मिळणारच नाही का? माझी धाकटी बहीण अक्षदा तिथेच नाव घालून आहे. पोर आडवं आहे, सिझेरियनच करणार म्हणतात. वीस फेब्रुवारीची तारीख दिलीय. म्हणून विचारलं. राग नसावा.

तुमची,
भाग्यश्री


कर्जत,
१९ जानेवारी

प्रिय भाग्यश्री,

तुझ्या ओळी काल वाचल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "हे बघा, रुग्णाचा अनुभव."

सुरभीने कागद मागून घेतला. वाचून म्हणाली, "यात कंबरेला आराम पडला असं लिहिलंय. टाके पोटावर असतात ना मॅडम?"

मग तिने एकेक गोष्ट बाहेर काढली. मी माझे आकडे ताडून पाहिले होते ते आदल्या वर्षीच्या फायलींशी. त्या बायकांना दुसऱ्याच सिस्टरने विचारलं होतं. म्हणजे पद्धत बदलली तशी विचारणारीही बदलली, मग फरक कशाने पडला हे कसं कळणार? आणखी म्हणाली, "पोट कापल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा जणींचा आकडा शून्य आहे. शून्य! मला तर दाढ काढल्यावर सहा होता." सगळे हसले. मीही हसले.

घरी आल्यावर जुनी वही काढून बसले. सतरा नंबर, दुसरा दिवस, सकाळी पाच, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. हे माझ्याच अक्षरात आहे. पण काल भांडी घासताना एकदम डोळ्यांपुढे आलं: मी विचारतेय, तू "दोन" म्हणतेयस, आणि तुझ्या हाताने खाटेची दांडी अशी धरलीय की बोटं पांढरी पडलीयत. हे मी तेव्हा पाहिलं होतं का? की आता माझ्या मनाने रचलं?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मागितलं की इंजेक्शन मिळतं. नक्की मिळतं. अक्षदाने फक्त मागायचं.

भाग्यश्री, तुझा आकडा दोन होता ना? एवढं एकच कळव. मला कोणाला दाखवायचं नाही.

नम्रताताई


चौक,
२७ जानेवारी

प्रिय नम्रताताई,

तीन वेळा लिहायला बसले आणि तीनदा कागद फाडला. काल झेंडावंदन झालं, आज अंगणवाडीला पोरं कमी आहेत, म्हणून बसलेय. तुम्ही रागावणार हे धरूनच लिहिते.

माझा आकडा दोन नव्हता. आठ म्हटलं असतं तरी कमीच झालं असतं. खोकला आला तर टाके उसवतील असं वाटायचं. ओवीला पाजायला कुशीवर वळायचे तेव्हा ओठ दाताखाली धरायचे.

मग दोन का म्हटलं? तुम्ही विचारायच्या तेव्हा सासूबाई स्टुलावर बसलेल्या असायच्या. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही सहज विचारलंत तेव्हा मी "सात" म्हणाले होते, तर तुमची पाठ फिरल्यावर त्या म्हणाल्या, "आमी तिसऱ्या दिवशी शेतावर गेलो. हितं सात न् आठ चाललंय." आणि दुसरं म्हणजे तुम्ही. तुम्ही हसत म्हणाला होतात, "भाग्यश्री, माझी परीक्षा आता तुझ्या हातात हं." तुम्हाला आठवत नसेल. थट्टेतच म्हणाला होतात. पण मला वाटलं, मी जास्त आकडा सांगितला तर ताई नापास होतील. लग्नाला वर्षच झालं होतं माझ्या. सासरच्या माणसाला नापास कोण करणार?

आता जे लिहितेय ते कोणालाच ठाऊक नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर नेरळची एक बाई होती. तिच्या नवऱ्याने बाहेरच्या मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून दिली होती. तुमची सकाळची फेरी झाली की ती पट्टी उशीखालून निघायची. आमच्या खोलीतल्या चौघींनीही खाल्ल्या. माझा सकाळी पाच होता तो दुपारी दोन झाला, निम्मा त्या गोळीने आणि निम्मा लाजेने. तुमच्या पिशवीने कंबरेला बरं वाटायचं हे खरं आहे, ते मी खोटं लिहिलं नाही. पण पोटाचं दुखणं त्या पिशवीने गेलं नाही.

इंजेक्शन मागितलं की मिळतं म्हणता. मागायचं कसं, ताई? मला मागता आलं नाही. अक्षदा माझ्याहून मुकी आहे.

अजून सुरू झालेलं नाही. तुमच्या हातात असेल तर थांबवा.

तुमची,
भाग्यश्री


कर्जत,
३१ जानेवारी

भाग्यश्री,

पत्र मिळालं.

चार वर्षं तू हे पोटात ठेवलंस. माझी पदवी झाली, मासिकात नाव आलं, तुमच्या घरी येऊन मी पेढे दिले, तेव्हाही तू हसत पेढा घेतलास. त्या पट्टीतली एखादी गोळी खाऊन कोणाला काही झालं असतं, कोणाला आधीच दुसरं औषध चालू असतं, तर जबाबदार मी होते. एवढा तरी विचार करायचा होतास.

उद्यापासून खोपोलीला सुरू होतंय. आकडे लिहायचे तक्ते छापून गेले, तिथल्या सिस्टरांचं प्रशिक्षण मीच केलं. आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि तुम्ही चौघीच तर होतात. बाकीच्या छत्तीस जणींचं काय? त्यांनी खरं सांगितलं असेलच की.

अक्षदाची काळजी करू नकोस. खोपोलीच्या सिस्टरांना मी स्वतः फोन करीन. तिच्याकडे वेगळं लक्ष देतील.

नम्रता


चौक,
४ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, माझं चुकलं. गोळीचंही आणि गप्प बसण्याचंही.

अक्षदाकडे वेगळं लक्ष देतील. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे कोण देणार?

भाग्यश्री


खोपोली,
१५ फेब्रुवारी

नम्रताताई,

तुमचं उत्तर आलं नाही. तरी लिहिते. परवा फोनवर मला रडण्याशिवाय काही जमलं नाही. अक्षदा वाचलीय, धोका टळला असं डॉक्टर म्हणतात. मी तिच्याजवळच बसलेय. काय घडलं ते तुम्हाला पहिल्यापासून कळायला हवं.

तिच्या कळा वेळेआधीच सुरू झाल्या. सोमवारी, दहा तारखेला दुपारी सिझेरियन झालं. मुलगा झाला, चांगला आहे. तुम्ही वीस तारखेच्या हिशोबात असाल, तुमचा फोन इथे आलेला नव्हता. मी विचारलं नाही, सिस्टरांनीच बोलता बोलता सांगितलं.

बुधवारी सकाळी मी आणि सासूबाई डबा घेऊन गेलो. अक्षदाचा चेहरा बघितला आणि डबा तसाच खाली ठेवला. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मी विचारलं, "काय होतंय गं?" तर म्हणाली, "काय नाय."

सिस्टर आली. हातात तक्ता होता. "किती दुखतंय?"

"दोन," अक्षदा म्हणाली.

सिस्टरने दोन लिहिलं, गरम पिशवी कंबरेखाली सरकवली आणि निघाली. तिची चूक नाही, ताई. तक्त्याच्या खाली छापलंय की आकडा तीन किंवा कमी असेल तर डॉक्टरांना कळवण्याची गरज नाही. मी वाचलं. त्याखाली तुमचं नाव आहे.

अक्षदाने माझ्या साडीचा पदर मुठीत गच्च धरला होता. ती मूठ मला ओळखीची होती. माझ्या तोंडून एकदम निघालं, "खोटं बोलतेय ती!"

सगळी खोली वळून बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "गप बस गं. लोकं हायत."

मी गप्प बसले नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने बोलले. "सिस्टर, तिला दोन नाही, दहा दुखतंय. मीपण असंच खोटं सांगितलं होतं. तिच्या पोटाला हात लावून बघा. आधी हात लावा, मग लिहा."

सिस्टर परत आली. चादर बाजूला केली. टाक्यांच्या वरचं पोट लाकडासारखं झालं होतं, एका बाजूला फुगलेलं. तिने नाडी धरली आणि तिचाच चेहरा उतरला. सकाळच्या नोंदीतही नाडी वेगात होती म्हणे, पण आकडा दोन, म्हणून "घाबरली असेल" असं धरलं होतं. पाच मिनिटांत डॉक्टर धावत आले. टाक्यांच्या आत रक्त साठत होतं. पुन्हा आत नेलं. तीन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबलो असतो तर सांगता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही दोघी दीड तास बसलो होतो. मला वाटलं, सासूबाई आता मला बोलणार. पण त्या म्हणाल्या, "रुपेशच्या टायमाला मला बी लय दुखलं व्हतं. उभं राहवत नव्हतं. तशीच शेतावर गेले."

मी म्हटलं, "मग सांगितलं नाही कोणाला?"

"इचारलंच नाय कोणी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला इचारलं, तवा मी मधी बसले."

ताई, मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. रक्त साठलं ते तुमच्या पद्धतीने नाही, हे मला कळतं. पण ते दिसलं असतं, ते त्या दोनाने झाकलं. आणि असे दोन सांगायला आम्ही बायका नेहमी तयार असतो.

या खोलीत अजून पाच जणी आहेत. आत्ताच सिस्टर विचारून गेली. दोन, तीन, एक, दोन, दोन.

भाग्यश्री


कर्जत,
२ मार्च

प्रिय भाग्यश्री,

अक्षदा शुक्रवारी घरी गेल्याचं कळलं. मी खोपोलीला दोनदा येऊन गेले, पण दोन्ही वेळा तुला सामोरं जायचं धाडस झालं नाही. तू डबा घेऊन येण्याआधीच निघाले. अक्षदाने सांगितलं असेलच.

तुझ्या चार तारखेच्या पत्राला मी आठ तारखेला उत्तर लिहायला घेतलं होतं. अर्धं झालं होतं. त्यात मी तुला समजावत होते की कुठल्याच अभ्यासात शंभर टक्के खरं कोणी सांगत नसतं, वगैरे. ते कपाटात ठेवून दिलं आणि खोपोलीला फोन करायचाही उद्यावर टाकला. दोन दिवसांनी अक्षदा टेबलावर होती. हे मी तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण आता कमी आकडा सांगायचा नाही असं ठरवलंय.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मिळालं त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि तक्ते थांबवायला सांगितले. ते म्हणाले, "सिस्टर, एका केसवरून? छापून आलेला अभ्यास आहे तुमचा."

मी म्हटलं, "छापून आलाय म्हणूनच भीती वाटते. माझा आहे हे विसरा आणि एकदा वाचून बघा."

बावीस तारखेच्या शनिवारी मीच तो बैठकीत वाचला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. विचारणारी आणि शेक देणारी एकच होती. तुलना जुन्या फायलींशी होती. बायका मीच निवडल्या होत्या आणि त्यात माझ्या घरची एक होती. नातेवाईक शेजारी बसलेले होते. निदान चौघींनी बाहेरची गोळी घेतली, आणि बाकीच्या छत्तीस जणींचं मला ठाऊक नाही. चाळिसाव्या पानावरचा तक्ता किती सुबक आहे गं! शेवटी म्हटलं, "हा अभ्यास आपल्या वॉर्डात वापरण्याजोगा नाही." सुरभी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिचे डोळे भरले होते.

तक्ते तिन्हीकडून परत आले. इंजेक्शन पुन्हा ठरल्या वेळी देतात, मागायची वाट बघत नाहीत. गव्हाची पिशवी ठेवलीय, पण इंजेक्शनच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. मासिकाच्या संपादकांना सगळं लिहून कळवलं, त्यांचं उत्तर नाही. मेट्रनच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं, आता त्याबद्दल कोणी बोलत नाही. वाईट वाटतं. वाटत नाही म्हटलं तर तेही खोटंच.

बाकीच्या एकोणचाळीस जणींना पत्रं टाकली. नऊ जणींची उत्तरं आलीत. दोघींना खरंच फार दुखलं नव्हतं, असंही असतं. एकीने लिहिलंय, "तुम्ही इतक्या प्रेमाने शेकत होता, तुम्हाला दुखतंय म्हणून कसं सांगायचं?"

आता वॉर्डात असं करतो. विचारायच्या वेळी घरची माणसं बाहेर जातात, पडदा ओढतो आणि बाईच्या हातात कागद-पेन्सिल देतो. तिने स्वतः आकडा लिहायचा. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी चेहरे काढलेत, त्यावर खूण करायची. कागद काही म्हणो, पोट आणि नाडी बघायचीच. कागद मी गोळा करत नाही, सुरभी करते. पहिल्या दिवशी चौघींचे आकडे बघून मी तिला उत्साहाने काहीतरी सांगायला गेले, तर म्हणाली, "मॅडम, चार जणी म्हणजे काहीच नाही. दोन महिने नोंद ठेवू. आणि या वेळी ताडून दुसरं कोणीतरी बघेल." मी म्हटलं, "बरं बाई."

काल मात्र सुरभी सुट्टीवर होती. खालापूरकडची एक मुलगी आहे, तेवीस वर्षांची. तिच्या आईसमोर ती मला "तीन" म्हणाली होती. मी आईला बाहेर चहाला पाठवलं, पडदा ओढला आणि स्वतःही बाहेर थांबले. एवढा वेळ लागला की पडद्याआड जाऊन बघावं असं तीनदा वाटलं. मग घडी केलेला कागद धरलेला हात पडद्याच्या फटीतून बाहेर आला.

आठ लिहिलं होतं. आधी तीन लिहून खोडलं होतं.

मी आत गेले, पोट बघितलं, नाडी मोजली, डॉक्टरांना बोलावलं. बाकी सगळं ठीक होतं, नुसतं दुखत होतं. इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाने गेले तेव्हा ती तोंड उघडं टाकून झोपली होती. आई परत आली आणि हलक्या आवाजात विचारायला लागली, "लय दुखत होतं का तिला? मला तर काय बोलली नाय."

मी म्हटलं, "हो, लय दुखत होतं." आणि त्यांच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

तुझी,
नम्रता